प्रल्हाददादांचं रोम

आमच्या शेजारच्या डॉक्टर प्रल्हाद देवतळ्यांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक शेंगदाण्याची चटणी आणि दुसरं प्राचीन रोम. चटणी त्यांच्या पत्नी वीणाताई करायच्या आणि दादा ती एकटे संपवायचे. रोम मात्र ते सगळ्यांना वाटायचे, नको म्हटलं तरी.

'होतं' म्हणतेय म्हणून कुणी घाबरू नये. दादा धडधाकट आहेत, रोज सकाळी डबा घेऊन ड्युटीवर जातात. वेड तेवढं गेलं. ते कसं गेलं तेच सांगायचंय, आणि सांगताना माझा पारा चढला तर चढू दे.

इथे आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाला, आमची आणि त्यांची घरं एका भिंतीनं जोडलेली आहेत. माझा नवरा आशिष आणि दादा एकाच हॉस्पिटलात, एकाच डिपार्टमेंटला. हे हॉस्पिटल ड्रोहेडातलं नव्हे, आणखी लांबचं. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण आशिषचा करार अजून त्यांच्याच हातात आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाली, ऑफिस डब्लिनमध्ये, बॉल्सब्रिजला. डॉक्टरांच्या जगाकडे मी बाहेरून बघते आणि मला त्यातलं बरंच काही सहन होत नाही.

दादा मूळचे नागपूरचे. तिथल्या मेडिकल कॉलेजात असोसिएट प्रोफेसर होते, पोरं त्यांच्या लेक्चरला खिडकीत उभी राहायची म्हणे. रुचाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बाहेर शिकवायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर इथे आले आणि पुन्हा रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर, झाले. इथे रजिस्ट्रारांच्याही दोन जाती आहेत. एक ट्रेनिंगवाले, ते पायरी पायरीनं वर चढत कन्सल्टंट होतात. दुसरे आपले बाहेरून आलेले, त्यांनी नुसता गाडा ओढायचा. काम तेच, पेशंट तेच, पण ह्यांचा करार सहा सहा महिन्यांचा. करार संपला की नवा मिळेपर्यंत परमिटचं घोंगडं भिजत, घरमालकाला काय सांगायचं ते कळत नाही आणि पोरांच्या शाळेचा पत्ता नाही. दादांनी ज्या पोराला सुई कुठे टोचायची ते शिकवलं, तो तीन वर्षांनी साहेब होऊन यायचा आणि गोड हसून म्हणायचा, "यू आर ग्रँड, प्रल्हाद." इथल्या बोलीत म्हणजे, तुझं चाललंय ते छान. दादाही हसायचे. मला तिथेच कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी घालावंसं वाटायचं.

"पॅट्रिशियन आणि प्लेब," दादा म्हणायचे. आमच्या किचनमध्ये बसून, वरच्या प्रेसमधला चिवड्याचा डबा स्वतःच काढून घेत. कपाटाला प्रेस म्हणायला आम्ही सगळे इथेच शिकलो. "रोममध्ये घराण्यावाले मूठभर. देवळं त्यांची, कोर्टं त्यांची, जमीन त्यांची. बाकीचे प्लेब. लढाईला जायचं प्लेबनी, नांगरायचं प्लेबनी, आणि कर्ज झालं की बेड्या पण प्लेबनाच."

"दादा, रोमन लोक आयर्लंडला कधी आलेच नाहीत," मी म्हणायचे.

"आले नाहीत? नीट पाहा ना राजेहो."

त्यांची लाडकी गोष्ट एकच होती. एकदा प्लेब लोकांनी मारामारी न करता, घोषणा न देता, फक्त शहर सोडलं. सगळेच्या सगळे उठले आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. खाली शहरात भाकरी भाजायला माणूस उरला नाही, पहाऱ्याला उरला नाही. घराण्यावाल्यांची तंतरली. त्यांनी एक गोडबोल्या म्हातारा वर पाठवला. त्यानं टेकडीवरच्या लोकांना गोष्ट सांगितली: हातपाय एकदा पोटावर रुसले, म्हणाले हे नुसतं बसून खातं, आपण ह्याला काही द्यायचं नाही. पोट उपाशी राहिलं आणि हातपायच वाळले. तेव्हा बाबांनो, शहर म्हणजे एक शरीर, चला घरी.

"मी पोटाचा डॉक्टर आहे," दादा चिवडा चावत म्हणायचे, "मला विचारा पोट काय चीज आहे ते. पण प्लेब काही गोष्टीवर भाळून उतरले नाहीत बरं! पदरात पाडून घेऊन उतरले. आपला माणूस पाहिजे म्हणाले. ट्रिब्यून. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, आणि तो नाही म्हणाला की सगळ्या सिनेटचं काम थांबलं पाहिजे. मिळवला की नाही?"

"मग पुढे?" आशिष एकदा म्हणाला होता.

"पुढचं पुढे," म्हणून दादांनी विषय बदलला होता.

आता प्रकाश सरांबद्दल सांगायला हवं. डॉक्टर प्रकाश सबनीस, मूळचे पुण्याचे, डिपार्टमेंटचे मुख्य. बॉल्सब्रिजला वकिलातींच्या रांगेत त्यांचं लाल विटांचं घर आहे. ते वाईट असते तर मला हे लिहायला फार सोपं गेलं असतं. पण आशिषला इंटरव्ह्यूला त्यांनीच बोलावलं, आम्हाला घर मिळावं म्हणून मालकाला फोन त्यांनी केला, रुचाला चांगल्या शाळेत जागा मिळाली ती त्यांच्या शब्दावर. कुणाची आई भारतात वारली तर विमानतळावर सोडायला सर स्वतः येतात. फक्त करार सहाच महिन्यांचे का, हे त्यांना विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "बघू या. माझ्या हातात किती आहे!" आणि दर जानेवारीत आणि जुलैत कोण राहणार, कोण जाणार ते त्यांच्याच हातात असतं.

त्यामुळे दिवाळीला सगळे बॉल्सब्रिजला जातात. हा शिरस्ताच आहे. घरी केलेला फराळ डब्यात भरायचा, पोरांना झब्बे घालायचे आणि गाड्या काढायच्या. हॉलच्या दारात सर आणि त्यांच्या पत्नी सुचित्राकाकू उभे असतात. वाकायचं, डबा द्यायचा, पंधरा मिनिटं टेकायचं, पुढच्या कुटुंबाला जागा करून द्यायची. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत सुचित्राकाकूंनी इथेही पाळली आहे. आठवड्याभरात प्रत्येकाचा डबा काहीतरी भरून परत येतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच गाडीतून तिथून परत येत होतो. मोटरवेवर स्वोर्ड्स गाव मागे पडलं आणि दादांना चेव आला.

"अगदी हेच!" ते मांडीवर थाप मारत म्हणाले. "रोममध्ये रोज सकाळी आश्रित लोक मोठ्या माणसाच्या दारात नमस्काराला उभे राहायचे. जाताना टोपलीत खाऊ मिळायचा. आपलं वर्षातून एकदा आहे, एवढीच प्रगती."

"सरांना नावं कुठे आठवतात सगळ्यांची," वीणाताई म्हणाल्या. "मला सुलेखा म्हणाले आज."

"त्यावर पण रोमनांकडे उपाय होता. मालकाच्या कोपराशी एक गुलाम उभा असायचा. नोमेंक्लातोर. त्याचं काम एकच. माणूस दारात आला की मालकाच्या कानात त्याचं नाव सांगायचं. मालक लगेच, अरे ये ये अमुक, कसा आहेस! आश्रित खूश, मालकाला ओळखतो म्हणून." मग दादांनी कंबरेत वाकून, हात चोळत, नाकातून आवाज काढला, "मालक, हा आशिष. सहा महिन्यांवर भागेल ह्याचं."

आशिषला हसता हसता गाडी बाजूच्या लेनमध्ये घ्यावी लागली. मागे रुचा कानातली इअरफोनची बोंडं काढून म्हणाली, "डॅड, यू आर सो मीन," आणि तीही हसली. दादांचा तेव्हाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आहे. माणूस हसत असला की त्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही असं वाटतं.

गेल्या वर्षी जुलैत डिपार्टमेंटमधल्या पियूषचा करार पुढे गेला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. ती दोघं सामान विकून लखनौला परत गेली, आणि त्यांचा बेबी कॉट आमच्या गॅरेजमध्ये आला. तो आणायला दादाच गेले होते. कॉट ठेवल्यावर ते गॅरेजमध्येच बसून राहिले आणि म्हणाले, "बस झालं आता."

त्यांचा बेत साधा होता. हॉस्पिटलच्या ड्युट्यांमध्ये नेहमी भोकं पडलेली असतात. ती हे बाहेरचे डॉक्टर जादा ड्युट्या करून बुजवतात. तसं करारात कुठे नाही, फक्त 'हो' म्हणायची सवय आहे. दिवाळीनंतरच्या शनिवारी-रविवारी कुणीच हो म्हणायचं नाही. सोमवारीच तसं सांगून टाकायचं, म्हणजे बाहेरून माणसं आणायला त्यांना पाच दिवस मिळतील आणि पेशंटच्या केसालाही धक्का लागणार नाही. शनिवारी सगळ्यांनी डबे घेऊन जवळच्या स्लेन गावच्या टेकडीवर जायचं आणि बसायचं. मागणी एकच, दोन वर्षांचा करार, सगळ्यांना.

"टेकडी कशाला?" आशिष म्हणाला. "घरी बसू की."

"घरी बसलं की फोन येतो आणि फोन आला की तू हो म्हणतोस. टेकडीवर एकमेकांची तोंडं दिसतात, बाप्पा."

आमच्याच घरी सगळे जमले होते, दहा-बारा जण. केरळचे, लाहोरचे, सुदानचा एक, बाकी आपले. दादांनी गोष्ट इंग्रजीत सांगितली, पोटाचीसुद्धा, आणि सगळे पोट धरून हसले. मग एकेकानं हात वर केला. आशिषनंही केला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. शेवटी दादा म्हणाले, "आणि एक. ह्या दिवाळीला बॉल्सब्रिजला कुणी जायचं नाही. नमस्कार करून आलेला माणूस टेकडीवर बसू शकत नाही." ह्यालाही सगळ्यांनी माना डोलावल्या.

दादांचं ह्यात काय पणाला लागलं होतं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांचा करार जानेवारीत संपत होता. रुचाचं लीव्हिंग सर्टचं वर्ष, म्हणजे आपली बारावीच, परीक्षा जूनमध्ये. जानेवारीत नोकरी गेली तर पोरीला परीक्षेच्या तोंडावर उचलून नागपूरला न्यायचं. वीणाताई त्या संध्याकाळी नुसते चहाचे कप विसळत होत्या.

आता इथे जे झालं ते फक्त आपल्याच माणसांकडून होऊ शकतं. संपाच्या आधी फितूर होणारे जगात सगळीकडे असतात. आमच्यात फितूर कुणीच नव्हता. प्रत्येकाला फक्त वाईट दिसायला नको होतं.

दिवाळी आली. आणि प्रत्येकाच्या मनात आलं, सरांनी आपलं किती केलंय, आणि दिवाळीला तोंड दाखवायचं नाही? बाकीचे जाणार नाहीत, आपण एकटेच जाऊन येऊ, पाच मिनिटं. आशिष मला म्हणाला, "सानिका, चकली भर ना डब्यात." मी म्हटलं, तुझी तू भर. त्यानं दुकानातून मिठाईचा खोका घेतला आणि गेला. तिथे दारात त्याला लाहोरचा डॉक्टर भेटला, खजुराचा बॉक्स घेऊन बाहेर पडत होता. त्याची दिवाळी नव्हती तरी! दोघांनी एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आणि सोफ्यावर बसल्यावर आशिष सरांना म्हणाला, "सर, शनिवारचं काही कानावर आलं तर ते तुमच्याविरुद्ध नाही हं."

सर म्हणाले, "शनिवारी काय आहे?" सगळ्यांनाच ते तसं म्हणाले असतील. सगळ्यांनीच खुलासा केला असेल, अगदी टेकडीच्या नावासकट. कुणाला ती चहाडी वाटलीच नाही. घरच्या मोठ्या माणसाला आधी कानावर घातलेलं बरं, एवढंच.

सोमवारी ठरल्याप्रमाणे नकार कळवला गेला, आणि मंगळवार ते शुक्रवार सरांनी एकेकाला चहाला बोलावलं. रागावले नाहीत. एकाची बहिणीच्या लग्नाची रजा मंजूर झाली. एकाला परीक्षेसाठी सुट्टी मिळाली. आशिषला ट्रेनिंगच्या जागेबद्दल "पुढच्या वर्षी बघू या का?" असं म्हणाले. शुक्रवार संध्याकाळपर्यंत शनिवारची सगळी भोकं बुजली होती. दादांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांची तो आठवडाभर क्लिनिकं दुसऱ्या इमारतीत होती, आणि कदाचित तेही कुणीतरी मुद्दाम जुळवलं असेल. आमच्या ग्रुपवर शेवटचा मेसेज त्यांचा होता, 'पाणी आणा, वर नळ नाही.' त्याला सगळ्यांचे अंगठे होते.

शनिवारी सकाळी आशिष बूट घालत होता. टेकडीवर जायचे नव्हेत, ड्युटीचे.

"तू जाणार नाहीयेस?"

"अगं, सगळेच नाहीयेत जाणार. मी एकटा काय करू? यार, तू समजून घे ना."

"दादांना सांगितलंस?"

"कुणीतरी सांगितलं असेल."

मी पराठ्यांचं पुडकं घेतलं, गाडी काढली आणि स्लेनला गेले. टेकडीवर एक पडका मठ आहे, थडगी आहेत आणि वारा. राजाच्या नाकावर टिच्चून सेंट पॅट्रिकनं तिथे आग पेटवली होती म्हणतात. दादा एका भिंतीच्या आडोशाला सतरंजी पसरून बसले होते. सतरंजीच्या कोपऱ्यांवर त्यांनी दगड ठेवले होते आणि स्टीलचे बारा पेले ओळीनं मांडले होते.

"ये, ये! आशिष गाडी लावतोय का?"

 मी म्हटलं, "थोड्या वेळानं." ते खाली रस्त्याकडे बघत बसले. एक म्हातारा कुत्रं घेऊन आला आणि गेला. दादांनी मला रोमबद्दल काही सांगितलं नाही, हवेबद्दल बोलले, रुचा फिजिक्समध्ये कशी आहे ते बोलले. मग त्यांनी एकदा फोन बघितला आणि खिशात ठेवला. पेले तसेच राहिले.

दुपारी खालून एक माणूस वर येताना दिसला. हिरवं जाकीट, चिखलाचे बूट, हातात कापडी पिशवी. दादा उभे राहिले. जवळ आल्यावर कळलं, प्रकाश सर.

"केवढा वारा रे इथे!" सर म्हणाले आणि सतरंजीवर बसले. पेल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. "प्रल्हाद, मला वाईट वाटलं. तू सरळ माझ्याकडे यायचंस. आपण काय परके आहोत का? अरे, डिपार्टमेंट म्हणजे एक शरीर असतं. हात म्हणाला मी आज काम करणार नाही, तर नुकसान कुणाचं? हाताचंच ना?"

मी दादांकडे पाहिलं. वेगळ्या दिवशी ते गडगडाट करून हसले असते. आज त्यांच्या तोंडावरची रेघही हलली नाही.

"सर, आम्हाला दोन वर्षांचा करार पाहिजे," ते म्हणाले. "सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?" सरांनी खरंच न कळल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. "इथे तर तू एकटाच आहेस."

आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून सतरंजीवर ठेवला. गोल, स्टीलचा, दोन कप्प्यांचा. झाकणावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: प्र. वि. देवतळे, नागपूर. वीणाताईंच्या लग्नातली भांडी होती ती.

दादांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. 

"वीणा आली होती?"

"लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. रुचा पण होती. मेडिसिनला जायचं म्हणते, हुशार आहे पोरगी. मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर, जानेवारीचं मी बघतो." सरांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं म्हणणं चूक नाही रे. बाहेरच्या डॉक्टरांचा एक प्रतिनिधी असायला हवा, असं मी मॅनेजमेंटला केव्हाचं सांगतोय. तूच हो ना. मीटिंगला बसशील, तुमचं जे काही असेल ते मांडशील. आणि तुझा करार वर्षाचा करून घेऊ. काय?"

रडू मला आलं. दादांना नाही. त्यांनी डबा उघडला. वरच्या कप्प्यात सुचित्राकाकूंच्या करंज्या होत्या. आपली माणसं काहीही झालं तरी हे करतातच, तसं त्यांनी आधी सरांपुढे धरला, मग माझ्यापुढे, आणि मग एक स्वतः घेतली.

"छान झाल्यात," ते म्हणाले.

खाली उतरताना सर पुढे होते. दादांनी सतरंजी खांद्यावर टाकली होती आणि पेले मी एकात एक घालून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी वीणाताईंना फाडून खायला गेले. त्या कांदा चिरत होत्या आणि चिरतच राहिल्या.

"ते लोक डोंगरावर गेले, तेव्हा त्यांच्या बायका-पोरांचं काय झालं, हे कधी सांगितलं का गं ह्यांनी?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं एकदा. पुस्तकात नाही म्हणाले."

मी खुर्ची ओढून बसले आणि उरलेले कांदे सोलायला घेतले. 

दादा प्रतिनिधी झाले. कॉरिडॉरमध्ये त्यांचा फोटो लागला, गळ्यातल्या ओळखपत्राला वेगळ्या रंगाची फीत आली. दर काही महिन्यांनी एक मीटिंग असते, तिथे बिस्किटं असतात. ते मुद्दा मांडतात, तो लिहून घेतला जातो. नवीन आलेली पोरं त्यांच्याकडे करारांचं रडगाणं घेऊन येतात. मी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं, दादा त्यांना म्हणत होते, "बघू या. माझ्या हातात किती आहे!" आवाज दादांचा होता म्हणून ओळखला, नाहीतर मला सरच वाटले असते.

रोमची लायब्ररीतली पुस्तकं त्यांनी परत केली. एकदा आशिषनं, बिचाऱ्यानं सगळं पूर्ववत करायचं म्हणून विचारलं, "दादा, ते ट्रिब्यूनचं पुढे काय झालं? तुम्ही सांगणार होतात."

"काही नाही," दादा म्हणाले. "घराण्यावाल्यांनी त्यांना जेवायला बोलावलं. मग पुढे ट्रिब्यूनच घराण्यावाले झाले. शेवटी सम्राटानं ती खुर्ची पण स्वतःच घेतली." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जूनमध्ये रुचाची परीक्षा झाली. मेडिसिन थोडक्यात हुकलं, ती आता दुसरंच काहीतरी शिकतेय डब्लिनला, शनिवार-रविवारी येते. बापाशी ती नीट बोलते, पण 'यू आर सो मीन' असं काही म्हणत नाही. म्हणण्यासारखं ते काही बोलतच नाहीत.

ह्या वर्षीच्या दिवाळीला आशिषला ड्युटी होती. तो म्हणाला, "तू जाऊन ये ना बॉल्सब्रिजला. तुझं ऑफिस तिथेच आहे. या वेळी कुणीच गेलं नाही तर बरं दिसणार नाही." मी आदळआपट केली, वाट्टेल ते बोलले. मग रविवारी बसून चकल्या तळल्या आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन चालत गेले.

लाल विटांच्या घराच्या पायऱ्यांवर रांग होती. नवी जोडपी, केरळची, नाशिकची, एक सुदानी बाई बाळाला घेऊन. हॉलमध्ये दिवे लावले होते. सर दारात उभे होते, या वर्षी थोडे थकलेले, आणि त्यांच्या उजव्या कोपराशी, अर्धं पाऊल मागे, झब्बा घालून प्रल्हाददादा उभे होते. माणूस पुढे आला की ते सरांच्या कानाशी वाकायचे आणि सर लगेच हात पसरून म्हणायचे, "अरे ये ये!" त्या जोडप्यांचे चेहरे फुलायचे. सरांना आपलं नाव ठाऊक आहे!

मला वाटलं, दादा माझ्याकडे बघून एकदा डोळा मिचकावतील. त्यांनी बघितलं. ओळखीचं नीट हसले. मग सरांकडे वाकले, आणि मी इतकी जवळ होते की मला ऐकू आलं.

"सर, ही सानिका. आशिषची बायको. त्याचा करार जानेवारीत संपतोय."

"अरे सानिका!" सर म्हणाले. "ये ये, किती दिवसांनी!"

दादांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि मी वाकून नमस्कार केला.